कोरी जागा: लिस्बनमधले सहा दिवस

रविवार, दिवस पहिला

मी मुद्रितशोधक होतो. एका मराठी दैनिकात ३१ वर्षे मी दुसऱ्यांची वाक्ये तपासली. पहिली काही वर्षे खिळ्यांच्या जुळणीची ओली प्रुफे हाताळत आणि नंतर संगणकाच्या पडद्यावर डोळे शिणवत हे काम केले. त्यामुळे छापलेला कागद समोर आला की त्यात काय आहे यापेक्षा काय गळले आहे हे आधी शोधायची खोड मला जडलेली आहे. भाची शिक्षणासाठी लिस्बनला आहे. ती दोन वर्षांपासून बोलावत होती, पण मी खरा निघालो तो या खोडीपायी. ज्या देशात १९२६ ते १९७४ अशी हुकूमशाहीची ४८ वर्षे प्रत्येक वृत्तपत्राचे प्रत्येक प्रूफ सरकारी माणसाच्या टेबलावरून गेले, तिथे त्या व्यवहाराच्या खुणा कशा उरल्या असतील, हे मला पाहायचे होते.

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा होता आणि विमान उतरले तेव्हा पाऊस पडत होता. संध्याकाळी भाचीच्या खोलीवर नकाशा पसरून आम्ही आठवड्याची आखणी केली. पोर्तुगीज मला येत नाही. लॅटिन लिपी वाचता येते आणि गोव्याच्या ओळखीने चार शब्द कळतात, एवढेच. बाकी सारे तिच्यावर सोपवले.

सोमवार, दिवस दुसरा

सोमवारी इथली संग्रहालये बंद असतात, म्हणून रस्तेच पाहायचे ठरले. सुरुवात शियादु भागातल्या रुआ आंतोनिउ मारिया कार्दोझु या उताराच्या रस्त्यापासून केली. इथे राजकीय पोलिसांचे मुख्यालय होते. त्या खात्याची नावे वेळोवेळी बदलली. १९४५ पासून ते ‘पीड’ या आद्याक्षरांच्या नावाने ओळखले जाऊ लागले आणि १९६९ मध्ये त्याला पुन्हा नवे नाव मिळाले, पण लोकांच्या तोंडी ‘पीड’च राहिले. मराठी कानाला या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. २५ एप्रिल १९७४ रोजी लष्करातील तरुण अधिकाऱ्यांनी उठाव करून राजवट उलथली. त्या जवळजवळ रक्तहीन दिवशी याच इमारतीतून जमावावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चौघे मारले गेले. त्यांच्या नावांची पाटी रस्त्यावर आहे. इमारतीत आता महागड्या सदनिका आहेत.

तिथून थोडे चढून गेले की रुआ दा मिझेरिकॉर्दिया लागतो. या रस्त्याचे नाव एके काळी ‘रुआ दु मुंदु’ असे होते. ‘मुंदु’, म्हणजे ‘जग’, हे इथे निघणाऱ्या एका प्रजासत्ताकवादी वृत्तपत्राचे नाव. राजवटीने १९३० च्या दशकात वृत्तपत्राचे नाव काढून रस्त्याला दयाधर्माचे नाव दिले. याच रस्त्यावर १९११ साली स्थापन झालेल्या ‘रेपूब्लिका’ या सायंदैनिकाची कचेरी होती. दारासमोर मी थोडा वेळ उभा राहिलो. सोमवारी मला त्या दारात विशेष काही दिसले नाही.

पलीकडे बाइरु आल्तु, म्हणजे वरची पेठ. अरुंद गल्ल्यांच्या या वस्तीत लिस्बनची बहुतेक वृत्तपत्रे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर होती. ‘दियारिउ द लिझ्बोआ’ लुझ सोरियानु रस्त्यावर होते. ‘सेकुलु’ आणि ‘दियारिउ द नोतीसियश’ या दोघांच्या नावाचे तर रस्तेच आहेत. आता त्या गल्ल्यांत गाण्याच्या बैठकी, मद्यालये आणि पर्यटक आहेत. छापखान्यांच्या शाईचा वास कुठे येतो का, म्हणून मी उगाच दोन दारांपाशी रेंगाळलो.

या गल्ल्यांतून रोज चालणारी ये-जा मला डोळ्यांसमोर आणायची होती. मजकूर जुळवून झाला की त्याची प्रुफे काढायची आणि पोऱ्याच्या हाती सेन्सॉरच्या कचेरीत पाठवायची. तिथे बसलेले तपासनीस बहुतेक लष्करी अधिकारी असत, त्यांतले बरेच निवृत्त. ते निळ्या पेन्सिलीने रेघा मारत आणि शिक्का उठवत. मंजूर, कापून मंजूर, रोखून ठेवलेले, नामंजूर असे शिक्क्यांचे प्रकार होते. ‘निळी पेन्सिल’ हा शब्द पोर्तुगीज भाषेत आजही सेन्सॉरशिपसाठीच वापरतात. माझ्या टेबलावर लाल पेन असे. त्या पेनाने मीही शब्द खोडत असे, पण माझी खूण प्रुफाच्या समासात राहायची आणि जुळाऱ्याला कारण कळायचे. निळ्या रेघेला कारण लागत नसे.

खरी मेख पुढे होती. कापलेल्या मजकुराची जागा कोरी सोडायला बंदी होती. सुरुवातीच्या काळात काही पत्रे जागा पांढरी ठेवून वाचकाला सुगावा देत, म्हणून ती वाट बंद करण्यात आली. आणीबाणीत आपल्याकडे एका इंग्रजी दैनिकाने अग्रलेखाची चौकट कोरी छापली होती हे माझ्या पिढीला आठवते. ती कोरी चौकट वाचायला शिकलेल्या माणसाला हा पोर्तुगीज नियम फार चतुर वाटतो. रात्री उशिरा अर्धा रकाना कापून आला की तो भरायला दुसरा मजकूर हाताशी हवा, तो जुळवायला माणसे हवीत, आणि प्रुफे मुद्दाम उशिरा परत आली तर अंक बाहेरगावच्या गाडीला चुकणार. कापला जाईल असा मजकूर जुळवणे म्हणजे मजुरी वाया घालवणे. म्हणून संपादक आधीच सावध व्हायचे, बातमीदार त्याहून आधी. शेवटी पेन्सिल उचलायची गरजच कमी कमी होत गेली असणार. या व्यवस्थेचा मोठा भाग हिशेबाच्या वहीतच चालत होता.

संध्याकाळी उतरून रेश्तावरादोरेश चौकातल्या फोझ राजवाड्यापाशी आलो. राजवटीचे प्रचारखाते १९३३ साली आंतोनिउ फेर्रु या पत्रकाराच्या हाती सोपवले गेले, आणि १९४० च्या दशकात माहिती खाते या नव्या नावाने ते या राजवाड्यात भरत असे. त्या खात्याच्या उद्घाटनाला हुकूमशहा पंतप्रधान सालाझार म्हणाले होते की राजकारणात तेवढेच अस्तित्वात असते जेवढे असल्याचे लोकांना माहीत असते. अर्थशास्त्राच्या या प्राध्यापकाचे बोलणे नेहमी असे मोजून मापून असे, आणि हे वाक्य त्यांनी लपवले नाही, समारंभात उच्चारले. १९३३ ची राज्यघटना ११ एप्रिलला अमलात आली. तिच्यात विचारस्वातंत्र्य दिलेले होते. त्याच दिवशीच्या एका वटहुकमाने प्रसिद्धिपूर्व तपासणी कायम केली आणि तिचे प्रयोजन असे सांगितले की सामाजिक शक्ती म्हणून लोकमताचे जे कार्य आहे त्यात ते बिघडू नये. लोकमताला जपण्यासाठी लोकांपासून बातम्या जपायच्या, असा तो न्याय होता.

मंगळवार, दिवस तिसरा

पाऊस थांबला नव्हता. प्रधान चर्चच्या पाठीशी अल्जूब ही जुनी इमारत आहे. हा शब्द अरबीतून आला असून त्याचा अर्थ कोरडी विहीर किंवा तळघर असा सांगतात. १९२८ पासून १९६५ पर्यंत राजकीय कैद्यांचा हा तुरुंग होता आणि २०१५ च्या २५ एप्रिलला इथे प्रतिकार आणि स्वातंत्र्य यांचे संग्रहालय उघडले. एकांतकोठड्या जेमतेम एक मीटर रुंद आणि दोन मीटर लांब. कैदी त्यांना गुरांचे गोठे म्हणत, काही जण खण म्हणत. फळी खाली पाडली की झोपायची जागा होते आणि उभे राहायची जागा संपते. मी आत उभा राहिलो, हात पसरले, दोन्ही भिंती लागल्या. भाचीला बाहेरूनच म्हटले की तू येऊ नकोस, दोघांना जागा नाही.

माझा वेळ गेला तो भूमिगत छपाईच्या दालनात. अधिकृत वृत्तपत्रांवर सेन्सॉरचा शिक्का असे, आणि त्याला दुसरी बाजू होती ती शिक्क्याशिवाय निघणाऱ्या पत्रांची. कम्युनिस्ट पक्षाचे ‘आवांत’ १९३१ च्या फेब्रुवारीत सुरू झाले, अनेकदा पकडले गेले, बंद पडले, आणि १९४१ पासून १९७४ पर्यंत मात्र लपूनछपून नियमित निघत राहिले. कागद इतका पातळ की घडी करून मुठीत मावावा. त्याच्या छापखान्यांना इमारत नव्हती. भाड्याचे एखादे घर, त्यात नवराबायको म्हणून राहणारे दोन कार्यकर्ते, कधी ते खरेच नवराबायको असत, आतल्या खोलीत छोटे हातयंत्र आणि खिळ्यांच्या पेट्या. शेजाऱ्यांना ठोक्यांचा आवाज जाऊ नये म्हणून यंत्राखाली जाड कापड घालायचे. बाईने दिवसा दारात बसून शिवणकाम करावे, शेजारणींशी बोलावे, आणि कोणी फार चौकशी करू लागले की घर बदलावे. खिळ्यांच्या पेट्यांसह घर बदलणे म्हणजे काय, हे ज्याने शिशाने भरलेला एक खण उचलून पाहिला आहे त्यालाच कळेल. तो खण दिसतो तळहाताएवढा आणि त्याचे ओझे दगडासारखे.

त्या घरांतल्या बायकांचा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. वर्षानुवर्षे खोट्या नावाने राहायचे, आईबापांना पत्र लिहायचे नाही, मुले मोठी होऊ लागली की त्यांना दूर नातलगांकडे पाठवायचे, कारण मुले खरे बोलतात. हे सारे कशासाठी, तर चार पानांचे पत्र महिन्यातून एकदोनदा निघावे म्हणून. त्यांनी छापलेला सगळाच मजकूर मला पटेल असे नाही. स्टालिनची स्तुती मी कोणाच्याही खिळ्यांतून आनंदाने वाचणार नाही, आणि मॉस्कोत वृत्तपत्रांचे काय चालले होते हे त्या घरांत छापले जात नव्हते. तरीही तपासनिसाच्या टेबलावरून न जाता या देशात तेव्हा काही छापले जात होते ते अशाच खोल्यांत.

बाहेर पडल्यावर भाची म्हणाली, “मामा, तू त्या खिळ्यांच्या पेटीसमोर वीस मिनिटे उभा होतास.” खरे होते. पोर्तुगीज भाषेला लागणारे स्वरचिन्हांचे खिळे वेगळ्या कप्प्यांत कसे ठेवले असतील, याचा हिशेब करत राहिलो होतो.

बुधवार, दिवस चौथा

आजचा दिवस सहलीच्या दृष्टीने नीरस आणि माझ्या दृष्टीने सर्वांत भरलेला होता. लिस्बन नगरपालिकेचे वृत्तपत्रांचे स्वतंत्र ग्रंथालय आहे. त्याला एमेरोतेका म्हणतात. तिथे भाचीने माझ्यासाठी १९६७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरचे अंक मागवले. कारण तारीख होती. १९६७ मध्ये याच आठवड्यात, २५ नोव्हेंबरच्या रात्री, लिस्बनच्या परिसरात काही तासांत इतका पाऊस पडला की ओढ्यांकाठी वसलेल्या गरीब वस्त्या झोपेतच वाहून गेल्या. ओदिवेलश, लोरेश, आलेंकेर, व्हिला फ्रांका द शिरा ही नावे त्या रात्रीची आहेत. किंतश नावाचे छोटे गाव तर जवळजवळ नाहीसे झाले. अधिकृत आकडा ४६२ मृतांवर थांबला. प्रत्यक्षात सुमारे ७०० माणसे गेली असे आज मानले जाते.

पहिल्या दोन दिवसांचे अंक उघडले तेव्हा मला आश्चर्य वाटले, कारण तिथे बातमी होती. मोठे मथळे होते, चिखलातली छायाचित्रे होती, बातमीदारांनी गावागणिक आकडे मोजले होते. मग दिवसागणिक पाने पालटू लागलो तशी बातमी आकसत गेली. पाणी ओसरण्याआधी रकाने ओसरले. सेन्सॉर कचेरीतून संपादकांना दूरध्वनीने जे आदेश गेले ते पुढे प्रसिद्ध झाले आहेत. त्यांत शवपेट्यांची छायाचित्रे आवरती घ्या, मथळ्यांची रुंदी कमी करा, प्रेतांच्या दुर्गंधीचा उल्लेख नको, अशा सूचना आहेत. वास येत होता हे छापायचे नाही. सूचना देणाऱ्याला तो वास येत असणारच, कारण ती गावे राजधानीच्या दारातच होती.

सरकारला नेमके काय झाकायचे होते, हा प्रश्न मला पडला. पाऊस सरकारने पाडला नव्हता. पण मेलेली माणसे कोण होती हे सांगितले की ती ओढ्याकाठी पत्र्याच्या आणि लाकडी झोपड्यांत का राहत होती, राजधानीभोवती अशा वस्त्या कशा वाढल्या, हे आपोआप सांगितले जाते. मदतीला धावलेल्या विद्यार्थ्यांनी ते डोळ्यांनी पाहिले. चिखल उपसणाऱ्या त्या मुलामुलींपैकी अनेकांना आपल्या देशात असे दारिद्र्य आहे हे तिथेच कळले, कारण रोज वृत्तपत्र वाचूनही ते त्यांना ठाऊक झाले नव्हते. विद्यार्थ्यांनी स्वतःची पत्रके काढली आणि आकड्यांबद्दल शंका घेतली. पुढच्या वर्षांतल्या विद्यार्थी चळवळीचे बीज त्या चिखलात आहे असे इथले जाणकार म्हणतात.

अंक चाळताना माझी खोड जागी होती. पानावर जागा कुठे जुळलेली नाही, कुठे एखादी निरुपयोगी बातमी मधेच घुसवलेली आहे, हे मी शोधत होतो. दोन तासांनी कबूल केले की मला काही सापडत नाही. रकाने नीट भरलेले, ओळी सरळ, चौकटी काटकोनात. काम उत्तम होते. कोणत्याही पानाला जखम दिसत नव्हती. दिसत होता तो एक लहानसा शिक्का, पानाच्या कोपऱ्यात: ‘सेन्सॉर समितीने पाहिलेले’. १९३५ चा एक अंक मागवला, तिथेही तो होता. १९५० च्या अंकातही होता. मग भाचीने सहज १९७३ चा अंक उघडला. तिथे तो नव्हता.

मला वाटले, मोकळीक मिळाली असावी. सालाझारांच्या जागी १९६८ मध्ये मार्सेलु कायतानु आले होते, त्यांनी काही सैल केले म्हणतात. काउंटरवरच्या ग्रंथपालबाईंनी आमचे बोलणे ऐकले आणि कायद्यांचे एक जाड पुस्तक काढून दिले. १९७१ च्या वृत्तपत्र कायद्याने आणि १९७२ च्या नियमांनी ‘सेन्सॉर’ हा शब्दच काढून टाकला. नवे नाव होते ‘पूर्वपरीक्षा’. प्रुफे पूर्वीसारखीच जायची, पेन्सिल तीच, बहुतेक माणसेही तीच. फक्त मजकूर तपासून घेतला आहे याचा कोणताही उल्लेख अंकात करायचा नाही असे आता नियमच सांगत होते. म्हणजे आधी कोरी जागा गेली होती, आता शिक्काही गेला. सुधारणा ती हीच.

गुरुवार, दिवस पाचवा

बसने दीड तासात पेनिशला पोचलो. समुद्रात घुसलेल्या खडकावर जुना किल्ला, त्यात १९३४ पासून राजकीय कैद्यांचा तुरुंग. २०२४ च्या एप्रिलमध्ये इथे राष्ट्रीय संग्रहालय सुरू झाले आहे. १९६० च्या जानेवारीत कम्युनिस्ट नेते आल्व्हारु कुन्याल आणि त्यांचे नऊ साथीदार एका पहारेकऱ्याला फितवून इथून निसटले. ती कथा किल्ल्यात सविस्तर सांगितली आहे आणि पाहणारे तीच ऐकतात.

मी दुसरी नावे मनात घेऊन गेलो होतो. १८ जून १९४६ रोजी मडगावला राम मनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली. त्यानंतर ज्यांना लष्करी न्यायालयात उभे करून इथे पाठवले गेले त्यांत त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा होते. गोमंतकीय राष्ट्रवादाचे हे आद्य पुरुष मुळात लेखक, आणि त्यांना ८ वर्षांची शिक्षा झाली ती बोलण्यासाठी. डॉ. राम हेगडे आणि पुरुषोत्तम काकोडकर हेही त्याच लाटेत सात समुद्रांपलीकडे आले. गोव्यात त्या काळी लग्नपत्रिका छापायचीही सेन्सॉरची परवानगी लागे, हे मी मडगावच्या वृद्धांकडून ऐकले होते आणि अतिशयोक्ती समजत होतो. बाइरु आल्तुमधली ये-जा समजल्यावर ती अतिशयोक्ती वाटेनाशी झाली. छापखान्यातून बाहेर पडणारा प्रत्येक कागद एकाच खिडकीतून जायचा असेल तर त्यात पत्रिकाही आलीच.

भेटीच्या खोलीत कैदी आणि नातलग यांच्यामध्ये काच होती, आणि शेजारी पहारेकरी ऐकत बसे. पत्रेही वाचली जात. गोव्याहून आलेले मराठी किंवा कोकणी पत्र इथे कोण वाचत असेल, या विचाराने मला हसू आले आणि लगेच लक्षात आले की ज्याची भाषा पहारेकऱ्याला कळत नाही त्याचे पत्र पोचण्याचा संभवच कमी. वाऱ्यामुळे बुरुजावर फार वेळ थांबवले नाही. परतीच्या बसमध्ये झोप लागली.

शुक्रवार, दिवस सहावा

सकाळी काइश दु सोद्रे स्थानकावरून नदीकाठच्या गाडीत बसलो. काशीयश हे स्थानक आले तेव्हा उतरलो नाही, फक्त दाराशी उभा राहिलो. तिथल्या किल्ल्यात मोहन रानडे होते. सांगलीकडचा हा तरुण गोव्यात मराठी शिकवायला गेला, सशस्त्र लढ्यात उतरला, १९५५ मध्ये पकडला गेला आणि २६ वर्षांची शिक्षा घेऊन १९६० मध्ये इथे आणला गेला. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, पण रानडे सुटले ते १९६९ च्या जानेवारीत. सुधीर फडके त्यांच्या सुटकेसाठी किती झटले हे माझे वडील सांगत. मुंबईहून ‘रेसुर्ज गोवा’ हे पत्र चालवणारे संपादक तेलु द माश्कारेन्यश तर १९७० पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात होते. गोवा गेल्यानंतरही ‘पोर्तुगीज भारत’ हा शब्द लिस्बनच्या कागदांवरून गेला नव्हता. ज्या गव्हर्नर जनरलने विजय किंवा मृत्यू हा सालाझारांचा निरोप न मानता शरणागती पत्करून हजारोंचे प्राण वाचवले, त्या व्हासालु इ सिल्व्हांना लष्करातून काढून टाकण्यात आले. त्यांची प्रतिष्ठा परत मिळाली ती १९७४ नंतर.

गाडी पुढे साँ जुआंव दु एश्तोरिलला पोचते. तिथे समुद्राच्या कडेला एक छोटा किल्ला आहे. तो सालाझारांचे उन्हाळी निवासस्थान होता. १९६८ च्या ऑगस्टच्या सुरुवातीला तिथे ते खुर्चीवरून पडले आणि डोक्याला मार लागला. देशाला महिनाभर काही कळले नाही. सप्टेंबरात शस्त्रक्रिया झाल्यावरच निवेदने निघाली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस कायतानु पंतप्रधान झाले. मग एक विलक्षण गोष्ट घडली. पदावरून गेल्याचे सालाझारांना कोणी सांगितलेच नाही. जुने मंत्री भेटायला येत, ते राज्यकारभाराविषयी बोलत. १९६९ च्या सप्टेंबरमध्ये ‘लोरोर’ या फ्रेंच दैनिकाला त्यांनी मुलाखत दिली तीही सत्तेवर असल्याच्या समजुतीत. १९७० च्या जुलैमध्ये ते वारले. लोकांना जेवढे माहीत तेवढेच अस्तित्वात, हे त्यांचेच वाक्य मला त्या किल्ल्याच्या बंद फाटकापाशी आठवले आणि भाचीला सांगितले. ती म्हणाली की तिच्या वर्गातल्या पोर्तुगीज मुलांना यातले थोडेच ठाऊक आहे.

दुपारी पुन्हा एमेरोतेकात गेलो. शेवटचे दोन अंक पाहायचे ठेवले होते, दोन्ही ‘रेपूब्लिका’चे, २४ आणि २५ एप्रिल १९७४ चे. आधी २५ चा उघडला. पहिल्या पानाच्या तळाशी लाल पट्टी आणि तीत एक ओळ: हे वृत्तपत्र कोणत्याही सेन्सॉर समितीने पाहिलेले नाही. ही ओळ प्रसिद्ध आहे, मी तिचे छायाचित्र घरी असतानाच पाहिले होते आणि ती विजयाची आरोळी समजत होतो. बुधवारचा नियम कळल्यावर तिचा दुसरा अर्थ दिसला. गेली दोन वर्षे तपासणीचा उल्लेखही करता येत नव्हता. पहिल्यांदाच मोकळा निघालेला अंक आदल्या दिवशीच्या अंकासारखाच दिसला असता. म्हणून जुना शिक्का उलटा करून छापावा लागला. त्या वाक्याची घडण शिक्क्याचीच आहे, त्यात फक्त एक नकार घातला आहे. त्या कचेरीत माझ्यासारखा कोणी असेल तर त्याने ती ओळ फार काळजीने तपासली असेल.

पुढच्या वर्षी याच पत्रात संपादक आणि छापखान्यातले कामगार यांच्यात पत्र कोणाचे यावरून भांडण पेटले, मे १९७५ मध्ये कामगार समितीने ताबा घेतला, संपादक बाहेर पडले, आणि पत्र फार दिवस तगले नाही. दोन्ही बाजू स्वातंत्र्याचेच नाव घेत होत्या. त्यावर आणखी एक आठवडा लागला असता.

ग्रंथालय बंद व्हायला अर्धा तास उरला होता, तेव्हा २४ एप्रिलचा अंक उघडला. पूर्वपरीक्षेतून गेलेला, शिक्का नसलेला. भाचीने बोट ठेवून एक छोटे टिपण वाचून दाखवले. रेडिओ रेनाशसेन्सावर रोज मध्यरात्रीनंतर लागणारा ‘लिमिट’ हा कार्यक्रम अलीकडच्या आठवड्यांत टिपणांच्या दर्जात आणि गाण्यांच्या निवडीत बराच सुधारला आहे, अशा आशयाच्या काही ओळी, आणि तो ऐकण्याची शिफारस. ते टिपण उठावातल्या लोकांशी संपर्कात असलेल्या ‘रेपूब्लिका’च्या पत्रकाराने, आल्व्हारु गेर्रा यांनी, छापून आणले होते. त्याच रात्री १२ वाजून २० मिनिटांनी ‘लिमिट’मध्ये ‘ग्रांदोला’ हे ठरलेल्या खुणेचे गाणे लागले आणि लष्कराच्या तुकड्या बराकींतून निघाल्या. ते गाणे एका महिन्यापूर्वी लिस्बनच्या एका मैफलीत गायले गेले होते. त्या मैफलीत त्याच गायकाच्या इतर काही गाण्यांना परवानगी नव्हती, याला होती.

मी त्या ओळी पुन्हा पुन्हा पाहिल्या. एका रेडिओ कार्यक्रमाचे साधे कौतुक, शब्द मोजके, वाक्य जरा पाल्हाळाचे, व्याकरण ठीक. निळ्या पेन्सिलीला तिथे रेघ मारायला काही नव्हते. माझ्याकडे ते प्रूफ आले असते तर ‘बराच’ हा शब्द काढू का, एवढा एक विचार करून मीही ते पुढे सोडले असते. भाचीने घड्याळ दाखवले, आणि ग्रंथपालबाईंनी दिवे मालवायला सुरुवात केली.